शी! काय खाल्लंस?

कुत्र्याचं कौतुक सगळ्यांना सांगता येतं. तो संध्याकाळी फाटकापाशी कशी वाट बघतो, शेकहॅन्ड कसा देतो, टीव्हीवर दुसरा कुत्रा दिसला की कसा गुरगुरतो... हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही आपण हे हौसेनं सांगतो. पण हेच गुणी बाळ सकाळी फिरायला नेलं की रस्त्याकडेच्या घाणीत तोंड घालतं, मांजराची शी पेढा शोधावा तशी हुडकून खातं, कधी कधी तर स्वतःचीच शी मटकावतं, हे कुणाला सांगणार? सांगितलं तर ती बाई पुढच्या वेळी आपल्याकडे चहासुद्धा घ्यायची नाही!

म्हणून हा विषय घरातल्या घरात, तोही दबक्या आवाजात राहतो. आणि घरात म्हणजे कुणाकडे? कुत्रा आणायचा हट्ट मुलांचा, त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायला नवरा पुढे. त्याची ओकारी पुसायची, परसातली शी उचलायची, जबड्यात बोटं घालून काय गिळतोय ते ओढून काढायचं, ही कामं मात्र आपोआप बाईच्या पदरात पडतात. घरात सोवळंओवळं पाळणारं वडीलधारं माणूस असेल तर विचारूच नका. "तेच तोंड घेऊन देवघरापाशी आला तर बघ हं!" हा टोमणा कुत्र्याला कळत नाही, तो सुनेसाठीच असतो.

किळस मोठी वाईट असते. चावरा कुत्रा माणसं वर्षानुवर्षं सांभाळतात, पण घाण खाणाऱ्या कुत्र्याला घराबाहेर काढायला आठ दिवस लागत नाहीत. तालुक्याच्या गावातल्या एका शिक्षिकेच्या घरची गोष्ट सांगते. सात महिन्यांचं गावठी पिल्लू, मोती नावाचं. आपलीच शी खातो हे लक्षात आल्यावर आधी वर्तमानपत्राच्या सुरळीचा मार झाला. मग कुणीतरी सांगितलं म्हणून शीमध्ये त्याचं नाक घासून झालं. मग दिवसभर परसात साखळीला बांधणं सुरू झालं. शेवटी घरात ठरलं, हायवेवरच्या ढाब्यापाशी सोडून यायचं. तिथे खरकटं मिळतंच. न्यायच्या आदल्या दिवशी बाईंनी त्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, आपल्या भाषेत गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? खायला काय देता? बांधलेला किती तास असतो? उत्तरं अशी होती: आणल्यापासून दिलंच नाही, दोन वेळा दूध-चपाती, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा.

मोती अजून त्याच घरात आहे. जंत पडले, खाणं बदललं, साखळी सुटली. सवय दोन महिन्यांत पुष्कळ कमी झाली. पूर्ण गेली का? नाही. पण ढाबा टळला. (पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा जागी सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.)

मुळात कुत्रा असं करतो का? आपल्याला जी घाण वाटते ती त्याला घाण वाटत नाही, हे पहिलं उत्तर. कुत्री विते तेव्हा पिल्लांना सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आपणहून शी-शू करता येत नाही. आई त्यांचं अंग चाटते तेव्हाच ती होते, आणि ती लगेच खाऊन टाकते. त्यामुळे पिल्लांची जागा कोरडी राहते, वास पसरत नाही. म्हणजे ज्या गोष्टीवर आपण नाक मुरडतो, ती त्या बिचारीची स्वच्छता असते. आपण फडक्यानं पुसतो, तिच्याकडे फडकं नाही, इतकाच फरक! पिल्लंही आईचं बघून, वास घेत, सगळं तोंडात घालून पाहतात. बहुतेकांचा हा नाद मोठं होता होता सुटतो. काहींचा सुटत नाही.

किती जणांचा सुटत नाही? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रा पाळणाऱ्या लोकांकडून माहिती गोळा करून २०१८ साली ती प्रसिद्ध केली. साधारण दर सहा कुत्र्यांमागे एक कुत्रा वरचेवर शी खाताना दिसला होता. म्हणजे तुमचा राजा काही जगावेगळा नाही. या पाहणीत आणखी दोन गोष्टी आढळल्या. एक, हे कुत्रे बहुतेक वेळा ताजी शी खातात, दोन दिवसांच्या आतली. शीमधल्या जंतांच्या अंड्यांतून त्रासदायक अळी तयार व्हायला काही दिवस लागतात. तेव्हा लांडग्यांच्या काळापासून राहण्याची जागा वेळेत साफ करून टाकायची ही उपजत खोड असावी, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. दुसरी गोष्ट आपल्या खिशाशी संबंधित. ही सवय सुटावी म्हणून बाजारात मिळणाऱ्या गोळ्या-पावडरींचा उपयोग शंभरात जेमतेम दोघांना झाला होता, काहींचा तर कुणालाच नाही. शीवर तिखट टाका, अननसाची फोड चारा, हे घरगुती उपायही कुणी ना कुणी सांगतंच. तिखटानं जनावराची आग आग होते आणि ते बिनतिखटाची शी शोधायला शिकतं, इतकंच.

मार तर अजिबात नको. शी केली म्हणून मारलेलं पिल्लू "इथे शी करायची नाही" असं शिकत नाही, "शी दिसली की मार बसतो" एवढंच शिकतं. मग दिसण्याआधीच ती नाहीशी करतं, म्हणजे गिळून टाकतं! ओरडत मागे धावणं हाही त्याच्या दृष्टीनं खेळच. तोंडात काहीतरी आहे आणि सगळं घर आपल्यामागे पळतंय, याहून मोठी मजा कोणती?

खरा उपाय अगदी कंटाळवाणा आहे. त्यानं शी केली की तिथल्या तिथे उचलायची. फिरायला नेताना साखळी किंवा दोरी हातात हवी. सकाळी फाटक उघडून "जा, फिरून ये" म्हणणाऱ्या घरांत ही सवय कधीच सुटत नाही, कारण तो गल्लीच्या टोकाला काय खातो हे कुणी पाहिलेलंच नसतं. शी करून झाली की लगेच नावानं हाक मारायची आणि आपल्याकडे आल्याबरोबर चांगलं काहीतरी द्यायचं; उकडलेल्या अंड्याचा तुकडा, पनीरचा बारीक खडा. चार-सहा आठवड्यांत बरेच कुत्रे शी झाली की मागे वळायच्या ऐवजी आपल्या हाताकडे बघायला लागतात.

रोज उचलण्याचा फायदा घरातल्या मुलांनाही आहे. कुत्र्याच्या पोटातल्या गोल जंतांची अंडी शीबरोबर पडतात, पण ती लगेच बाधत नाहीत; मातीत दोन ते चार आठवडे राहिली की मगच बाधणारी होतात. परसात पडून राहिलेली शी पावसात विरघळते, मुलं त्याच मातीत खेळतात आणि तोच हात तोंडात जातो. अंकुशकृमी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनही शिरतो. म्हणून पिल्लाला दोन-तीन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला आणि मग साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्यायची पद्धत आहे. वजन करून, डॉक्टरांना विचारून. माणसांची गोळी अर्धी मोडून नव्हे. आणि चाटण्याचं म्हणाल, तर लाडात आलेल्या कुत्र्यानं तोंड चाटू द्यायचं नाही, तान्ह्या बाळाचं तर नाहीच. हात साबणानं धुवायचे. घाण खाऊन आला असेल तर भांडंभर पाणी प्यायला द्यावं, ओल्या फडक्यानं तोंड पुसावं, बस्स. फिनेलबिनेल काही नको.

मटणाच्या दुकानातून कुत्र्यासाठी म्हणून कच्चं फुफ्फुस, कलेजी, आतडी आणणाऱ्या घरांसाठी एक वेगळी सूचना. शेळ्यामेंढ्यांच्या या अवयवांत एका फीतकृमीच्या पाण्याच्या गाठी असू शकतात. त्या कुत्र्यानं खाल्ल्या की जंत त्याच्या पोटात वाढतो, अंडी शीतून बाहेर पडतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर लिव्हरमध्ये, फुफ्फुसात तशाच गाठी होतात. ऑपरेशनपर्यंत वेळ येते. कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या तरी चालतील, पण कच्चं घालू नका.

आता खाण्याकडे वळू. आपल्याकडे कुत्र्याचा आहार म्हणजे दूध-चपाती, नाहीतर रात्रीची उरलेली भाजी-आमटी. चपातीनं पोट फुगतं, पण वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिनं त्यातून पुरेशी मिळत नाहीत. मोठ्या झालेल्या कितीतरी कुत्र्यांना दूध पचतही नाही, पातळ होतं. मग भूक राहते आणि उकिरडा दिसला की तो तुटून पडतो. भात किंवा भाकरीबरोबर अंडं, चिकन, मासे यांतलं काहीतरी बिनमसाल्याचं, शिजवून आणि काटे-हाडं काढून द्यावं. शाकाहारी घरात दही, पनीर, शिजवलेली डाळ चालते, पण मग आहार पुरा पडतोय का हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावं. लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, मोठ्याला दोन वेळा, आणि वेळ ठरलेली हवी. आमटी-रश्शातला कांदा-लसूण मात्र त्याला बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. नाशिक-सांगलीकडे घरोघर द्राक्षं आणि बेदाणे असतात. तेही नकोत, किडनीवर परिणाम होतो. चॉकलेटही नको. बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर थोडंसंही घातक.

आता थोडं अवघड बोलायचंय. पण बायकांच्या पानावर नाही बोलायचं तर कुठे?

पाळीच्या दिवसांत बाथरूममधल्या डब्यातला पॅड कुत्रा ओढून आणतो. बाहेरच्या खोलीत पाहुणे, सासरे, दीर बसलेले आणि हा मधोमध बसून त्याच्या चिंध्या करतोय! असा प्रसंग आलेल्या बायका कमी नाहीत. बोलत नाहीत इतकंच. लाज इतकी वाटते की त्या रागात कुत्रा बडवला जातो. त्याच्या नाकाला रक्ताचा वास म्हणजे खाण्याचा वास, यापलीकडे त्याला काही कळत नाही. तान्ह्या बाळाच्या डायपरचंही तेच. पण इथे लाजेपेक्षा धोका मोठा आहे. पॅड आणि डायपर ओल शोषून फुगण्यासाठीच बनवलेले असतात. ते पोटात गेले की तिथेही फुगतात, वर प्लास्टिकचा थर असतो, आणि आतडं बंद होऊ शकतं. तेव्हा कागदात घट्ट गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा फळीवर. पायानं उघडायचा डबा जमिनीवर ठेवला तर हुशार कुत्रा दोन दिवसांत पाय ठेवायला शिकतो. बाथरूमच्या दाराला बाहेरून कडी हवी, आणि ती लावायची शिस्त घरातल्या पुरुषांनाही हवी. कचऱ्याची पिशवी रात्री बाहेर ठेवायची नाही, सकाळी घंटागाडी आली की थेट हातात द्यायची.

आतडं बंद करणाऱ्या आणखी वस्तू आपल्याच स्वयंपाकघरातून जातात. मे महिन्यात आंब्याची कोय. पावसाळ्यात मक्याच्या कणसाचं दाणे खाऊन उरलेलं दांडकं. शिवाय दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, मुलांचे मोजे, शिवणकामातला दोरा. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या अणकुचीदार फाका होतात, त्या घशात किंवा आतड्यात रुततात. कोय गिळलेला कुत्रा त्याच दिवशी आजारी दिसेल असं नाही. कधी चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. पुन्हा पुन्हा उलट्या, खाणं बंद, शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही, पाठ कमानीसारखी करून उभा राहतो, अशी लक्षणं दिसली तर उद्या बघू म्हणू नका. आणि शीच्या जागेतून दोरा किंवा कापड लोंबताना दिसलं तर ओढू नका! आत ते आतड्याला गुंडाळलेलं असेल तर ओढल्यानं आतडं चिरतं.

उंदराचं औषध हे तर घरोघरी. कुत्रा ते खातो, किंवा ते खाऊन मेलेला उंदीर खातो. काही औषधं अशी असतात की दोन-तीन दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो आणि मग हिरड्यांतून, नाकातून, शीतून रक्त यायला लागतं. संशय आला की लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि औषधाचं पाकीट बरोबर न्यायचं, फाटकं असलं तरी. त्यावरच्या नावावरून उपचार ठरतो. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजायची पद्धत आहे, ती नको; जास्त मीठच जिवावर बेततं. पावसाळ्यात भला मोठा बेडूक तोंडात धरून फेस गाळत आला तर तोंड खाली करून, पाणी घशात जाणार नाही असं पाहून, तोंडाच्या बाजूनं बराच वेळ धुवायचं. आणि आपल्या डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्या उशाशी ठेवायची सवय कुत्र्याच्या घरात चालत नाही.

यासाठी कुत्र्याला एक शब्द आलाच पाहिजे: "टाक." शेकहॅन्डपेक्षा हजारपट उपयोगाचा. एका मुठीत चपातीचा तुकडा धरायचा, मूठ बंद. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, मारू द्या. ज्या क्षणी तो नाक मागे घेईल त्या क्षणी "शाबास" म्हणायचं आणि दुसऱ्या हातातला अंड्याचा तुकडा द्यायचा. चपाती द्यायची नाही. आठ-दहा वेळा झालं की मूठ पुढे करताना "टाक" म्हणायला लागायचं. मग तुकडा जमिनीवर, पायाखाली झाकून. मग उघडा. मग साखळी लावून रस्त्यावर. रोज पाच मिनिटं पुरतात, पण घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा. एक "सोड" म्हणतो, दुसरा "छोड", तिसरा "लीव्ह इट", अशानं बिचाऱ्याचा गोंधळ होतो. तोंडात काही असेल तर हिसकावू नका, बदल्यात दुसरं द्या. हिसकावणाऱ्याला पाहून कुत्रा ते पटकन गिळतो.

इतकं करूनही एखादा ऐकत नाही. त्याला फिरायला नेताना जाळीचं मुसकं घालावं, बैलाला पेरणी-कोळपणीच्या वेळी घालतो त्याच जातीचं. आत जीभ बाहेर काढून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. तोंड करकचून बांधणारा कापडी पट्टा फिरायला नेताना चालत नाही, उन्हात तर जीव घुसमटतो. आणि मुसकं घालून एकटं सोडायचं नाही.

गवत खाण्याची मात्र काळजी करू नका. बहुतेक कुत्रे खातात, कधी ओकतात, कधी नाही. फवारणी केलेलं नसलं म्हणजे झालं. माती, विटा, भिंतीचा चुना चाटत असेल तर जरा लक्ष द्या. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी हवी. पांढुरकी दिसली तर अंगात रक्त कमी असू शकतं, आणि त्यामागे जंत किंवा गोचीड असतात. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा.

वर्षानुवर्षं नीट वागणारा कुत्रा एकदम शी, माती, काहीही खायला लागला तर ते मात्र सवय म्हणून सोडून द्यायचं नाही. मधुमेहात भूक वाढते, काही औषधांनीही वाढते. अल्सेशियन जातीत एक दुखणं नेहमी आढळतं, त्यात स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडतात. कुत्रा राक्षसासारखा खातो, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट. यावर औषध आहे, पण ते आयुष्यभर द्यावं लागतं. गावातल्या दवाखान्यात तपासणीची सोय नसेल तर मुंबईत परळ, शिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे कुत्रे तपासतात.

जाताना त्याच दिवशी सकाळची शी सुपारीएवढी, झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्या आणि डबीवर वेळ लिहा. मातीत पडलेला भाग नको, वरचा घ्या. एसटीत ती डबी मांडीवर घेऊन बसायला कसंसंच होतं, कबूल आहे. पिशवीत पिशवी घाला. दवाखान्यात पोचल्यावर कुत्रा काय काय खातो हे सांगताना चाचरू नका, "कधीतरी खातो" असंही मोघम सांगू नका. रोज की आठवड्यातून, स्वतःची की दुसऱ्याची, कधीपासून, सगळं सांगा. डॉक्टर कुत्र्याला हात लावायच्या आधी ती डबीच मागतील.